गोडं पाणी

बंगालला पाण्याचा तोटा कधीच नव्हता. घराघरामागे पुकूर, भोवती केळी आणि बांबू. त्या एकाच तळ्यात अंघोळ, भांडी, गुरं, बाळंतिणीचे कपडे, आणि त्यातलीच कळशी स्वयंपाकघरात. पावसाळ्यात नद्या बाहेर आल्या की तळं, शेत आणि संडास यांच्यातला बांध पुसला जायचा आणि मागोमाग ओलाउठा, म्हणजे पटकी, यायची. आपल्याकडं पटकीची मरीआई, तशी तिकडं ओलाबिबी. हिंदूंनी तिला देवी मानलं, मुसलमानांनी बिबी, आणि नवस दोघांनीही बोलले. सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी नाही, हे त्या मातीतल्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं. पुढं जे घडलं ते समजून घ्यायचं तर आधी ही भीती समजून घ्यावी लागते. त्या बायांनी हातपंपाचं पाणी प्यायलं आणि पाजलं ते पोरं जगावीत म्हणून.

१९७१ साली बांगलादेश झाला. युद्ध, वादळ, दुष्काळ यांतून उठणाऱ्या त्या देशात युनिसेफनं आणि सरकारच्या आरोग्य अभियांत्रिकी खात्यानं गावोगाव हातपंप बसवायला घेतले. सांगणं साधं होतं: तळ्याचं पाणी सोडा, पंपाचं प्या. तिथली जमीन म्हणजे नदीनं आणलेला गाळ आणि रेती. तिला भेदायला मोठं यंत्र लागत नाही. बांबूची परांची उभारतात, दोघं-तिघं लोखंडी नळी वरखाली आपटत जमिनीत घालतात, आणि मिस्त्री परांचीवर बसून नळीच्या तोंडावर तळहात ठेवतो. नळी वर येताना हात दाबून धरायचा, खाली जाताना सोडायचा. आतला गाळ उसळून बाहेर पडतो. तळहात हीच झडप. अशी नळी हातानं खाली खाली उतरत जाते आणि पाणी लागतं. गार, नितळ, बिनवासाचं.

बघता बघता लोक स्वतःच्या पैशानं पंप घेऊ लागले. विसावं शतक संपताना त्या देशात एक कोटीच्या आसपास पंप होते आणि जवळजवळ सगळा ग्रामीण बांगलादेश त्यांचं पाणी पीत होता. पोरं जगली, हेही खरं. मीठ-साखरेच्या पाण्यानंही ती जगली, पण पंपाचा वाटा नाकारता येत नाही. आणि म्हणूनच हा शोक इतका अवघड आहे. ज्या पाण्यानं लेकरं वाचवली, त्यालाच शाप कसा द्यायचा?

तुझं एक नाव कुठलं घेऊ? नदिया, मुर्शिदाबाद, मालदा, चोवीस परगणा; पलीकडं चांदपूर, कुमिल्ला, मुन्शीगंज, फरीदपूर. एवढ्या मुलखात तू आहेस. सून होऊन आलीस तेव्हा परसात स्वतःचा पंप आहे, पाण्याला लांब जावं लागणार नाही, याचं तुझ्या माहेरी कौतुक झालं असेल. पहाटे दांडा दाबलास, कळशी भरलीस. तेच पाणी डाळीत गेलं, भातात गेलं, रात्रभर भिजत ठेवलेल्या पांता भातात गेलं. उन्हात राबून आलेल्या नवऱ्याला तांब्या भरून दिलास, तापानं फणफणलेल्या पोराला घोट घोट पाजलंस. पोटुशी असताना स्वतः पोटभर प्यालीस, कारण तहान लागली होती आणि पाणी चांगलं होतं. तुला जे सांगितलं ते तू ऐकलंस. सांगणाऱ्यांच्या मनातही काळंबेरं नव्हतं.

त्या पाण्यात विष होतं, आणि ते कुणी टाकलं नव्हतं. हिमालयाच्या खडकांत सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, अंश आहे. पाऊस आणि बर्फ ते खडक झिजवत राहिले, गंगा आणि ब्रह्मपुत्रा ती झीज हजारो वर्षं खाली वाहून आणत राहिल्या. वाटेत लोहाच्या गंजाचा पातळ थर रेतीच्या कणाकणावर बसला आणि सोमल त्या थराला चिकटून राहिला. चिकटलेला होता तोवर निरुपद्रवी होता. पण याच गाळात झाडंझुडपं, पालापाचोळाही पुरला गेला. तिथं खाली हवा पोचत नाही. तो पाला खाऊन जगणारे सूक्ष्म जीव प्राणवायूवाचून लोहाच्या गंजावर निभावतात. गंज विरघळतो आणि त्याला धरून बसलेला सोमल पाण्यात सुटतो.

वरच्या उघड्या आडांत हवा खेळते, तिथं तो सहसा नसतो. तळ्यातही तो फारसा नसतो. दीडशे मीटरांखालच्या जुन्या, धुऊन निघालेल्या थरांतही बहुधा नसतो. तो आहे मधल्या थरात, हाताच्या जोरावर नळी जिथवर सहज उतरते तिथं. ओलाबिबीच्या भयानं लोक जे पाणी सोडून आले आणि पैशाअभावी ज्या पाण्यापर्यंत पोचू शकले नाहीत, त्या दोहोंच्या मधोमध तो होता.

त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं तर वाफ उडून जाते आणि सोमल मागं राहतो. म्हणजे एखादी जास्त जपणारी आई पाणी उकळून देत असेल, तर तिच्या पोराच्या पेल्यात तो किंचित अधिकच उतरला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९३ पासून घातलेली मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग. बांगलादेशानं पन्नास ही जुनी मर्यादाच ठेवली. आणि कित्येक पंपांच्या पाण्यात तो शेकड्यांनी निघाला.

एवढ्याशा मात्रेनं कुणी त्या दिवशी मरत नाही. त्या वर्षीही मरत नाही. यकृत त्याचं रूप बदलून लघवीवाटे बाहेर टाकायला बघतं, पण ते काम पुरं होत नाही. उरलेला केसांत बसतो, नखांत बसतो, कातडीत बसतो. मांस-मासळी, डाळी, भाजीपाला पोटात नीट जात असेल तर शरीर थोडं अधिक झुंजतं. ज्याच्या ताटात कमी, त्याच्या अंगात जास्त. या रोगाला गरीब-श्रीमंत कळत नाही असं कुणी म्हणालं, तर ते खोटं आहे.

मग काही वर्षांनी खुणा दिसू लागतात. छातीवर, पाठीवर काळे डाग, मधूनमधून पांढरे ठिपके; धुळीच्या वाटेवर वळवाचे पहिले थेंब पडावेत तसे. त्वचारोगाचे डॉक्टरही त्याचं वर्णन पावसाच्या थेंबांवरूनच करतात. त्यानंतर तळहात आणि तळपाय. आधी कातडी राठ होते, मग दाणे उठतात, दाण्यांचे खडे होतात, खड्यांना चिरा पडतात, चिरांतून रक्त येतं. भात कालवताना झोंबतं. लेकराच्या गालावरून हात फिरवला तर त्याला टोचतं. शेतात अनवाणी चालवत नाही, आणि चपला घालून चिखलात भात लावता येत नाही. यातल्याच एखाद्या जागी, कधी दहा वर्षांनी, कधी वीस वर्षांनी, न भरणारी जखम होते. ती वाढते. तो त्वचेचा कर्करोग असतो. वेळेवर कापून काढला तर माणूस वाचतं. वेळेवर म्हणजे केव्हा, हे सांगणारं गावात कुणी नसतं.

लोकांनी ते कुष्ठ समजलं. तुझ्या हातचं पाणी प्यायचं बंद केलं. तुला माहेरी पाठवून दिलं. तुझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, तुझ्या मुलाला वर्गात कोपऱ्यात बसवलं. काही घरांनी हात-पाय झाकून मुलींची लग्नं लावली आणि उघड झाल्यावर त्या परत आल्या. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे सांगायला आरोग्यसेविका घरोघर फिरल्या, पण भीती त्यांच्याआधी पोचलेली असे. तुला दोनदा शिक्षा झाली: एकदा पाण्याची, एकदा माणसांची. मला दुसरीचा राग अधिक येतो, कारण पाण्याला कळत नव्हतं.

१९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांच्यासमोर चोवीस परगण्यातले असे रुग्ण आले. त्यांनी कातडी पाहिली आणि विचार पाण्याचा केला. हे लिहायला सोपं आहे. पण दवाखान्यात बसून रोग्याच्या अंगावरून त्याच्या गावच्या जमिनीखाली उतरणं फार थोड्यांना जमतं. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती गावोगाव हिंडू लागले. पाण्याच्या बाटल्या, कापलेले केस, नखं, लघवीचे नमुने गोळा करून ते मोजत राहिले. हजारो, मग लाखो पंप. सरकारदरबारी त्यांना घबराट पसरवणारा माणूस ठरवलं गेलं. ते थांबले नाहीत. सीमेपलीकडं चांपाई नवाबगंजमध्ये १९९३ साली पंपाच्या पाण्यात सोमल असल्याचं सिद्ध झालं, १९९५ साली कोलकात्यात जगभरचे तज्ज्ञ जमले, १९९८ साली ढाक्यात. चक्रवर्ती २०१८ साली गेले. या लेखात ज्यांच्यासाठी हात जोडावेत अशी थोडी माणसं आहेत, त्यांत ते आहेत.

२००० साली ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात लिहिलं की इतिहासात एखाद्या लोकसमूहाला झालेली ही सर्वांत मोठी विषबाधा आहे. व्याप्तीच्या मापात भोपाळ आणि चेर्नोबिल त्यांनी हिच्यापुढं लहान ठरवली. बांगलादेशाच्या साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी माणसांना धोका आहे, असा त्यांचा अंदाज होता. भोपाळची रात्र आपल्याला आठवते, कारण ती एक रात्र होती. इथं रात्रच झाली नाही. रोज सकाळ झाली, पंप हलला, पाणी आलं.

आणि हे कुणालाच ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, हे मी मानत नाही. सोमलाच्या औषधांनी वर्षानुवर्षं उपचार घेतलेल्यांना तळहातांचे खडे आणि पुढं त्वचेचा कर्करोग होतो, हे लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८८० च्या दशकातच नोंदवलं होतं. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे वरचे झरे खारे, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांनी खोल विहिरी घेतल्या. तिथल्या पाण्यानं त्यांची पावलं काळी पडून झडू लागली. बेमेन गावच्या डॉ. वांग किंग-हो यांनी १९६० पासून या गरिबांवर मोफत उपचार केले. त्यांनी कापलेली पावलं काचेच्या बरण्यांत जपून ठेवली गेली, आणि तो दवाखाना आज स्मारक आहे. १९६८ साली त्याच भागातल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीचा अहवाल छापून आला: ज्या गावच्या पाण्यात सोमल जास्त, त्या गावात त्वचेचा कर्करोग जास्त. हे सगळं छापील होतं. बंगालातले बहुतेक पंप त्यानंतर बसले.

१९९२ साली ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं बांगलादेशातल्या दीडशे विहिरींचं पाणी तपासलं. अनेक मूलद्रव्यं पाहिली. सोमल पाहिला नाही. पुढं एका बाधित गावकऱ्यानं इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००६ साली फेटाळलं गेलं. ज्यांनी पाणी तपासलं ते आणि ज्यानं ते प्यायलं तो, यांच्यात जबाबदारी निर्माण व्हावी इतकं जवळचं नातं कायद्याला दिसलं नाही. मी तो निकाल चुकीचा म्हणण्याइतका कायदा जाणत नाही. पण मला त्या कागदापुढं तुझा तळहात ठेवावासा वाटतो.

कातडीवरचं निदान दिसतं तरी. माझं मन अडकतं ते आत गेलेल्या मरणांपाशी. सोमल लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून मूत्राशय. तो रक्तातून सगळीकडं फिरतो, म्हणून फुप्फुसं, मूत्रपिंड, यकृत. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं पाण्यातल्या सोमलाला त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय यांच्या कर्करोगाचं निश्चित कारण ठरवलं आहे. पण खेड्यातला म्हातारा खोकून खोकून गेला, तर तो खोकल्यानं गेला. लघवीतून रक्त पडत होतं, वैदू झाला, फकीर झाला, मग तो गेला. त्याच्या अंगावर कदाचित एकही डाग नसेल. त्याच्या मुलानं मातीची मूठ टाकताना पाण्याला दोष दिला नसेल, उलट घरी येऊन त्याच पंपावर हात-पाय धुतले असतील, त्याच पंपाचं पाणी शोकाला आलेल्यांना दिलं असेल. अशी मरणं किती? ढाक्याजवळ आराईहाझारमध्ये २००० सालापासून सुमारे बारा हजार माणसांच्या आरोग्याची नोंद ठेवली गेली. २०१० साली त्यातून दिसलं की तिथल्या पाचांतल्या एका मृत्यूमागं पाण्यातला सोमल आहे. पुढच्या एका अंदाजानं साऱ्या बांगलादेशात ही संख्या वर्षाला ४३,००० वर जाते.

आणि पाणी बदललं तरी हिशेब तिथं मिटत नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात अंतोफागास्ता नावाचं शहर आहे. पाऊस जवळजवळ नाहीच. १९५८ साली तिथं मोठ्या आनंदानं डोंगरातल्या नद्यांचं पाणी आणलं. त्या पाण्यात सोमल आजच्या मर्यादेच्या ऐंशीहून अधिक पट होता. १९७० साली शुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि प्रमाण झपाट्यानं उतरलं. बारा-तेरा वर्षांची गोष्ट. पण फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगानं माणसं मरत राहिली ती पुढची तीस-चाळीस वर्षं. जी त्या काळात आईच्या पोटात होती किंवा रांगत होती, ती ऐन तिशी-चाळिशीत फुप्फुसांच्या रोगांनी इतरांपेक्षा कितीतरी पट अधिक गेली. आईनं पाणी प्यायलं होतं, एवढंच.

महाराष्ट्रातून हे सगळं वाचताना मला आपला बाहत्तरचा दुष्काळ आठवत राहतो. तेव्हा इथंही बोअर खणले गेले, इथंही हातपंप आले. देशभर पसरलेल्या ‘इंडिया मार्क टू’ पंपाचं मूळ तर सोलापुरात घडलेल्या पंपात आहे. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, त्यात हा सोमल असा साचत नाही, म्हणून आपण बहुतेक वाचलो. यात आपलं शहाणपण काही नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दात पिवळे केले, हाडं वाकवली. आणि गडचिरोलीच्या सीमेपलीकडं, तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या कौडीकसा गावात, १९९९ साली सोमल सापडलाच. बिहारात भोजपूर जिल्ह्यातल्या सेमरिया ओझापट्टीत तो २००२ साली सापडला, मग बलियात, मग आसामात. जिथं जिथं कुणी तपासलं, तिथं.

बांगलादेशानं जवळजवळ पन्नास लाख पंप तपासले. धोक्याचे लाल रंगवले, चांगले हिरवे. चौदा लाखांच्या आसपास लाल निघाले. लाल पंपाचं पाणी अंघोळीला, भांड्यांना चालतं, कातडीतून ते फारसं आत जात नाही. पिऊ नका, त्यात शिजवू नका. काहींनी शेजारच्या हिरव्या पंपाची वाट धरली. काही सुनांना एकटीनं तेवढं जाऊ देत नसत. रंग दोन-चार पावसाळ्यांत उडाला. नवे पंप बसत राहिले, त्यांना रंगच लागला नाही. खोल कूपनलिका झाल्या, त्यांतल्या काही जिथं गरज तिथं न होता गावातल्या वजनदार माणसाच्या अंगणात झाल्या. विटांचा चुरा, रेती, कोळसा आणि लोखंडाच्या चुऱ्याची गाळणी अबुल हुस्साम यांनी तयार केली, तिला २००७ साली अमेरिकेत मोठा पुरस्कार मिळाला, हजारो घरांत ती गेली. हे सगळं मोलाचं आहे. पण उन्हाळी भाताच्या शेतांना आजही उथळ कूपनलिकांचं पाणी मिळतं, आणि तो सोमल मातीतून तांदळात, तांदळातून ताटात येतो. ज्या घरानं पाणी बदललं, त्यानं भात कुठून बदलायचा?

तू गेलीस. कशानं गेलीस हे कुठं लिहिलेलं नाही. तुझी मुलगी आता चाळिशीला आली असेल. ती हिरव्या पंपाचं पाणी पिते, तिच्या तळहातांवर काही नाही, तिचं लग्न झालं, तिला मुलं आहेत. तिनं पहिलं पाणी तुझ्यातूनच प्यायलं आणि पुढची पंधरा वर्षं परसातल्या त्या पंपाचं. कधी तिचा खोकला महिनाभर हटला नाही, कधी लघवीत रक्त दिसलं, तर ती तालुक्याच्या दवाखान्यात जाईल, रांगेत बसेल, आणि तिच्या वाट्याला डॉक्टरची दोन मिनिटं येतील. त्या दोन मिनिटांत त्यानं तिला विचारावं, बाई, तुम्ही लहानपणी पाणी कुठलं प्यायचात?